हुबेहूब समितीच्या सप्रेम सूचना

माणसाला स्वतःसारखं दिसायला काहीच कष्ट पडत नाहीत, आणि म्हणूनच त्या कामाला समाजात काडीची किंमत नाही. सकाळी उठलं, तोंड धुतलं, की झालं. ना शिवण, ना डिंक, ना पूर्वतयारी. याउलट जो माणूस सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी पाठीला पंख, डोक्याला शिंगं आणि कमरेला पुठ्ठ्याची तलवार लावून बसच्या रांगेत उभा राहतो, त्याने आयुष्यात काहीतरी ठरवलेलं असतं. (रांगेत त्याच्यामागे उभ्या असलेल्यांनीही मनात बरंच काही ठरवलेलं असतं, पण पंखांमुळे त्यांना पुढे सरकता येत नाही.)

या कार्याला कॉस्प्ले म्हणतात. चित्रकथेतलं, मालिकेतलं नाहीतर खेळातलं एखादं पात्र निवडायचं, त्याचा पोशाख आपल्या हातांनी करायचा, तो घालून आपल्यासारख्याच इतर येड्यांच्या मेळाव्याला जायचं आणि संध्याकाळी बोटांना चटके, टाचांना फोड आणि कानात चमकी घेऊन घरी यायचं, असा एकंदर कार्यक्रम. घरच्यांनाही या कलेत मोठा वाटा उचलावा लागतो. उदाहरणार्थ, दहावीतल्या ठिणगीच्या आईचा हा संवाद:

"माझी व्यायामाची चटई कुठे गेली?"

"तिचं चिलखत झालं, आई."

"मग चटई परत कधी होणार?"

असे प्रश्न विचारणाऱ्या घरातून कलावंत कसे निपजतात, याचं शास्त्रज्ञांना अजून कोडं आहे.

ठिणगी हे नाव घरच्यांनी तिला गमतीने ठेवलं होतं. वर्गात हजेरी घेताना ती "हजर" इतकं हळू म्हणायची, की पहिल्या बाकावर बसूनसुद्धा तिच्या गैरहजेऱ्या लागायच्या. मग एकदा ती चटईचं चिलखत घालून पहिल्यांदा मेळाव्याला गेली. दारातच तिच्या बुटाचा तळ सुटला. ती आता रडणार, तेवढ्यात सहा हातांचा एक राक्षस (त्यातले चार हात कापसाचे) तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, पोटातल्या कप्प्यातून ग्लू गन काढली आणि म्हणाला, "ताई, पाय हलवू नकोस हं, डिंक गरम आहे." बाजूने जाणाऱ्या एका परीने न मागता दोन सेफ्टी पिना दिल्या. एका बेडकाने, ओळख ना पाळख, तिच्यासाठी पाण्याची बाटली धरून ठेवली. जगात इतकी माणसं इतकी चांगली असतात, हे ठिणगीला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं, बहुधा सगळे साध्या कपड्यांत होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळेत ती "हजर" म्हणाली, तेव्हा शेजारच्या वर्गातल्या बाईंनीही तिची हजेरी लावली.

आता इतकं छान चाललेलं पाहून कोणत्याही सुजाण समाजाला जे वाटतं तेच याही समाजाला वाटलं: यावर कोणाचं तरी नियंत्रण हवं. म्हणून मेळाव्याच्या ग्रुपवर हुबेहूब समिती स्थापन झाली. सभासदाचा पोशाख मूळ पात्राशी हुबेहूब जुळतो की नाही, हे पाहणं हे तिचं काम. कोणी कोणाला छळू नये, हा समितीचा पहिला नियम असल्यामुळे ग्रुपमध्ये छळ मुळीच होत नसे. होत असत त्या सप्रेम सूचना. सप्रेम सूचना ओळखायची सोपी खूण म्हणजे तिची सुरुवात "वाईट वाटून घेऊ नकोस" या शब्दांनी होते. हे शब्द एकदा उच्चारले, की वाईट वाटण्याची सगळी जबाबदारी ऐकणाऱ्यावर जाते आणि बोलणारा मोकळा होतो. कायद्याच्या जगात इतकी सुटसुटीत सोय दुसरी नाही.

समितीच्याच अंदाजानुसार शंभरातल्या साठ सूचना अंगकाठीबद्दल असत, तीस रंगाबद्दल, आणि नऊ "हे वय आहे का" या विषयावर. उरलेली एक पोशाखाबद्दल असे. (ती चुकून. समितीने त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आहे.) सूचनांचा परिणामही उत्तम होता. सूचना मिळालेले कित्येकजण लगेच सुधारून मेळाव्याला यायचेच बंद झाले, आणि त्यामुळे मेळाव्याची एकूण अचूकता कमालीची वाढली.

समितीचा प्रमुख होता सेनापती दादा. एरवी तो फरशांच्या दुकानात विक्रेता होता आणि गिऱ्हाईकाला दिवसभर सांगायचा, "अहो, शेडमध्ये थोडंफार इकडेतिकडे चालतंच." दिवसभर इतकं चालवून घेतल्यावर सुट्टीच्या दिवशी त्याला काहीच चालत नसे. त्याच्या जोडीला चेटकीण ताई आणि वैद्यराज. चौथी जागा रिकामी होती आणि त्या जागेचा पितळी बिल्ला सेनापती दादाच्या छातीवर त्याच्या स्वतःच्या बिल्ल्याशेजारी लावलेला असे, म्हणजे दोन्ही डोळ्यांत भरावेत.

ठिणगीच्या डोळ्यांत तर तो रिकाम्या जागेचा बिल्ला कधीचाच भरला होता.

ठिणगीची मावसबहीण मुंगी, तिच्याच वयाची. घरात कितीही गोंधळ असो, ही एका कोपऱ्यात बसून गुपचूप काम उरकणार, म्हणून मुंगी. ठिणगीच्या चिलखताची आखणी तिची, कापणी तिची. ठिणगीकडे फक्त उत्साहाचं खातं होतं. मुंगीला चष्मा होता, आणि तोही असातसा नाही. चष्मा काढला की माणूस आणि कपाट यांतला फरक तिला आवाजावरून ओळखावा लागे.

यंदाच्या मेळाव्यात जोडीची स्पर्धा होती, परीक्षक अर्थातच समिती. दोघींनी "सात किल्ल्यांच्या बहिणी" या मालिकेतल्या ज्वाला आणि छाया निवडल्या. ज्वाला तलवार चालवते आणि छाया ढाल घेऊन तिची पाठ राखते. शत्रू चहूबाजूंनी आले की दोघी आधी रणांगणाच्या दोन टोकांना जातात, तिथून उलट पावली मागे येत येत मधोमध पाठीला पाठ लावतात. मुंगीने या एका प्रवेशासाठी सुट्टीभर खपून दोन्ही पोशाख केले. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतः स्टेजवर जाणार होती. आरशासमोर ती ढाल धरून उभी राहायची आणि कोणी आलं की ढालीवरची धूळ पुसतेय असं दाखवायची.

मग ठिणगीने दोघींचा फोटो ग्रुपवर टाकला, आणि सप्रेम सूचना आल्या. वाईट वाटून घेऊ नकोस, पण छायाला चष्मा नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, पण ही छाया आहे की तिची गणिताची बाई? वाईट वाटून घेऊ नकोस, पण शत्रू आधी नंबर विचारेल. कोणीतरी मुंगीच्या फोटोवर चष्म्याऐवजी दोन ताटल्या चिकटवून पाठवल्या, आणि त्याखाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची इतकी मोठी रांग लागली की बसच्या थांब्यावरसुद्धा लागत नाही. ज्वालाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत: झकास.

त्याच दिवशी सेनापती दादाचा ठिणगीला फोन आला.

"तुझी नजर तयार आहे," दादा म्हणाला. "चौथा बिल्ला तुला द्यायचं चाललंय."

"मला? खरंच, दादा?"

"फक्त आधी एक सप्रेम सूचना देऊन दाखवावी लागेल. जवळच्या माणसाला दिलीस तर उत्तम. निःपक्षपातीपणा दिसतो."

ठिणगी मावशीकडे गेली तेव्हा मुंगी जमिनीवर बसून ढालीच्या कडेला चंदेरी रंग देत होती. फोन उपडा पडला होता.

"मुंगे, एक सांगू? वाईट वाटून घेऊ नकोस–"

"म्हणजे वाटणार आहे."

"छायाला चष्मा नाहीये गं."

"छायाला आडनावही नाहीये. ते पण काढू?"

"सगळे म्हणतायत."

"सगळे काय म्हणतायत ते मी वाचलंय. तू काय म्हणतेस?"

अशा वेळी कामाला यावी म्हणूनच कार्यालयीन भाषेचा शोध लागला आहे. ठिणगी म्हणाली, "अचूकतेच्या दृष्टीने पाहता, मला वाटतं, विचार व्हावा."

मुंगीने ब्रश खाली ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घडी घातली आणि ठिणगीच्या हातात दिला.

"ठेव तुझ्याकडे. मला नीट ने म्हणजे झालं."

मग तिने चाचपत ब्रश उचलला आणि ढालीशेजारच्या फरशीला काळजीपूर्वक चंदेरी रंग दिला.

"हे काय? फरशी का चकाकतेय?" मावशीने आत येत विचारलं.

"अचूकता आहे, मावशी," ठिणगी म्हणाली, आणि खाली मान घालून निघाली. बिल्ला दुसऱ्या दिवशी घरपोच आला.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह गजबजून गेलं होतं. बायकांच्या स्वच्छतागृहात तीन राजकन्या, एक रोबो आणि एक मोठी कोळंबी एकाच आरशात भुवया काढत होते. जिन्यावर एक ड्रॅगन शेपटी काखेत मारून डबा खात बसला होता. सहा हातांचा राक्षस दुरुस्तीच्या टेबलावर कोणाच्या तरी शिंगाला टाका घालत होता. मुंगी ठिणगीचा हात धरून चालली होती आणि वाटेतल्या प्रत्येक खांबाला "सॉरी हं" म्हणत होती. ठिणगीच्या छातीवर पितळी बिल्ला होता, चिलखताच्या आतल्या कप्प्यात मुंगीचा चष्मा, आणि तो चष्मा चालताना बरगडीला टोचत होता.

मुंगीला खुर्चीत बसवून ती समितीपुढे रुजू झाली, आणि चौथ्या सभासदाचं काम काय असतं ते तिला कळलं. चौथ्या सभासदाने पुढे चालायचं असतं.

समिती स्वतः नियमांना अपवाद नव्हती, हे तिच्याबद्दल आदराने नमूद करायला हवं. सेनापती दादाच्या शिरस्त्राणाला मूळ पात्राप्रमाणेच टपालपेटीच्या फटीएवढी फट होती, तीही जरा वर सरकलेली. त्यातून त्याला समोरचं दिसत नसे, खालचं दिसत नसे. छत मात्र उत्तम दिसे, आणि छताबद्दलची त्याची मतं फार नेमकी होती. चेटकीण ताईने डोळ्यांत जांभळ्या लेन्स घातल्या होत्या. त्यांना नंबर नव्हता, कारण जांभळ्यात तिचा नंबर मिळत नाही. तिचा खरा चष्मा, मुंगीच्या चष्म्याहून जाड, पर्समध्ये होता, आणि पर्स घरी होती, कारण चेटकिणीला पर्स नसते. वैद्यराजांच्या चोचीच्या मुखवट्याला काचा होत्या. त्या श्वासाने धूसर व्हायच्या. श्वास रोखला तर त्यांना स्वच्छ दिसायचं, पण फार वेळ नाही.

ठिणगीच्या खांद्यावर दादाचा हात, दादाच्या खांद्यावर ताईचा, ताईच्या खांद्यावर वैद्यराजांचा, अशी हुबेहूब समिती पाहणीला निघाली. भिंतीपाशी पांढऱ्या चादरीने झाकलेला एक उभा पंखा होता. वैद्यराज थबकले.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते पंख्याला म्हणाले, "पण मानेच्या मानाने डोकं फार मोठं दिसतंय."

"आणि मोठी माणसं बोलली की उत्तर द्यावं," ताई म्हणाली. "इतका तोरा बरा नाही."

"असू दे, असू दे," दादा म्हणाला. "बघ तरी, किती शांतपणे ऐकून घेतोय. नाहीतर आजकालची मुलं."

"दादा, तो पंखा आहे," ठिणगी म्हणाली.

"कोणत्या मालिकेतला?"

ठिणगीने विचारलं, "दादा, मुंगीचा फोटो तुम्ही नीट पाहिला होतात ना?"

"पाहायला कशाला हवा? मला ताईने सांगितलं."

"मला वैद्यराजांनी," ताई म्हणाली.

"मी बाकीच्यांचं वाचलं," वैद्यराज चोचीतून म्हणाले. "इतकेजण लिहितायत म्हटल्यावर कोणीतरी पाहिलाच असेल की."

निर्णय एकमताने झाला की मूळ प्रकरण कोणी पाहिलेलं नसतं, हे प्रशासनातलं एक जुनं सत्य आहे. दहावीला ते शिकवत नाहीत. ठिणगीला ते पंख्यापाशी कळलं. आता मुंगीला गाठून चष्मा परत द्यावा, असं तिच्या मनात आलं, पण तेवढ्यात ध्वनिवर्धकावरून ज्वाला आणि छाया यांचा पुकारा झाला. समितीला पहिल्या रांगेत बसवून ती धावली.

स्टेजवर दोघी हात धरून आल्या तोवर सगळं ठीक होतं. मग संगीत वाजलं आणि हात सोडायची वेळ आली. ज्वाला डावीकडे गेली. छायाने उजवीकडे जायचं होतं. ती मागे गेली, पडद्याला ढाल दाखवली, पडद्यावर चाल करून गेली आणि त्यात अडकली. सभागृहात हशा पिकला. हशा सप्रेम होता, म्हणजे फोन वर धरून केलेला. कोणीतरी ओरडलं, "पडदा जिंकला!" समितीच्या तिघांनी टाळ्या वाजवल्या, इतके लोक हसतायत म्हणजे प्रवेश विनोदी असणार, असा त्यांचा तर्क.

मुंगी पडद्यातून सुटली. आता तिने आवाजाच्या दिशेने पाठ केली, ठरल्याप्रमाणे, आणि उलट पावली मागे येऊ लागली. फक्त तिच्या मागे आता ठिणगी नव्हती. मागे स्टेजची कड होती. खालचे फोन आणखी वर झाले. पडली तर चित्रीकरण हुकू नये, याची सगळ्यांनीच काळजी घेतली.

संगीत चालू होतं, छातीवर बिल्ला होता, आणि प्रवेश मध्येच सोडला तर जोडी बाद होते, हे ठिणगीला तोंडपाठ होतं. ती धावली. मुंगीचा पट्टा पकडून तिने तिला कडेवरून मागे खेचलं, चिलखतात हात घालून चष्मा काढला, आणि भर स्टेजवर, सगळ्या फोनांसमोर, तो तिच्या नाकावर बसवला.

मुंगीने डोळे मिचकावले. समोर पाहिलं.

"एवढी माणसं आहेत?" ती पुटपुटली. "मला वाटलं खुर्च्याच हसतायत."

"मुंगे, माझं चुकलं गं. मी–"

"नंतर सांग. आत्ता शत्रू आलेत."

आणि तिने ढाल फिरवून सरळ त्या फोनांवर रोखली. पुढचा प्रवेश त्यांनी असा केला, की पहिल्या रांगेतले काही फोन आपोआप खाली आले. पाठीला पाठ लावून दोघी गरगर फिरल्या, मुंगीने एकेका चेहऱ्याकडे चष्म्यातून निवांत, ओळीने पाहून घेतलं, आणि ज्याच्याकडे ती पाही तो माणूस बुटाची नाडी बांधायला खाली वाके. सहा हातांच्या राक्षसाने टाळ्या वाजवल्या. दोनच हातांनी, पण सहाच्या जोमाने.

समितीने निकाल जाहीर केला: अचूकता पूर्ण, चूक एकही नाही. मग पहिल्या रांगेतल्या कोणा हितचिंतकाने दादाच्या शिरस्त्राणात काहीतरी सांगितलं, आणि सुधारित निकाल आला: जोडी बाद. कारण, छायाच्या नाकावर अनधिकृत वस्तू आढळली.

"तुझं सभासदत्व मात्र राहील," दादा ठिणगीला म्हणाला. तो तिच्या डाव्या बाजूच्या कुंडीकडे पाहत होता, पण आवाजात माया होती. "फक्त इथे माइकवर सांग की चष्मा तिने हट्टाने घातला."

ठिणगीने माइक घेतला. पहिल्या मेळाव्याआधीची ठिणगी असती तर माइकलाही ऐकू गेलं नसतं.

"चष्मा मी लावला," ती म्हणाली. "काढायलाही मीच लावला होता. ती माझी बहीण आहे आणि तिला चष्म्याशिवाय दिसत नाही. तिला दिसायला हवं, मग ती कशी का दिसेना."

तिने बिल्ला काढला आणि दादाच्या तळहातावर ठेवला. दादाने तो चाचपला, गोळी असावी असं समजून "थँक्यू" म्हणाला आणि खिशात टाकला.

बक्षीस दोन राजकन्यांना मिळालं. सभागृह रिकामं झालं तरी समिती स्टेजखाली एकमेकांचे खांदे धरून उभीच होती, आणि दादा छताला विचारत होता की दार कोणत्या बाजूला आहे.

"जा, त्यांना बाहेर सोडून ये," मुंगी म्हणाली.

"का म्हणून? पडू देत."

"पायऱ्या आहेत बाहेर. जा ना. मी ढाल धरते तुझ्यासाठी."

ठिणगीने त्यांना रस्त्यापर्यंत सोडलं. वाटेत वैद्यराजांनी तिला तिच्या चालण्याबद्दल दोन सूचना दिल्या. ती परत आली तेव्हा मुंगी दुरुस्तीच्या टेबलावर राक्षसाशेजारी बसून कोणाचा तरी पंख शिवत होती. "उशीर केलास. दोरा ओव," ती म्हणाली, आणि ठिणगीने ओवला. तेवढ्यावर त्या भांडणाचं कामकाज संपलं.

इथवर वाचून वाचकांना समितीचा संताप आला असेल, आणि तो अगदी रास्त आहे. चांगल्या माणसांना तो यायलाच हवा. फक्त एक बारीकशी शंका बऱ्याच जणांच्या मनात पहिल्यापासून घोळतेय, आणि ती विचारायला लाजू नये. दोघींमध्ये दिसायला बरी कोण होती? गोरी कोण, सावळी कोण, अंगाने कशा होत्या? एवढ्या लांबलचक हकिकतीत याचा कुठे उल्लेखच नाही. नसणारच, तो मुद्दामच टाळला आहे. पण ज्यांना हे कळल्याशिवाय ज्वाला आणि छाया डोळ्यांसमोर नीट उभ्याच राहत नाहीयेत, त्यांनी निराश होऊ नये. समितीत एक जागा नुकतीच रिकामी झाली आहे. वेगळ्या परीक्षेची गरज नाही. ती तुम्ही आत्ताच उत्तीर्ण झालात.